ओलीत धरणारं सिमेंट

दातांवरच्या पुस्तकाला निवृत्त स्थापत्य अभियंत्याची प्रस्तावना, हे बघून कुणाला हसू आलं तर त्याची चूक नाही. मलाही आलं होतं. लेखिका माझी सख्खी पुतणी. रूट कॅनॉल आणि बिघडलेल्या रूट कॅनॉलची दुरुस्ती हे तिचं रोजचं काम. गेल्या पावसाळ्यात ती कळंब्याला घरी आली, हस्तलिखिताची फाईल माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "काका, अख्ख्या पुस्तकात सिमेंटच आहे. पाणी किती घालायचं, धरायला वेळ किती लागतो, गळतं का, भेग जाते का. दाताचं मी लिहिलंय. सिमेंटचं तुम्ही लिहा."

मी पस्तीस वर्षं पाटबंधाऱ्यांची आणि इमारतींची कामं केली. सिमेंट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं पन्नास किलोचं पोतं येतं. तिच्या दवाखान्यात ते ग्रॅमच्या हिशेबानं येतं, आणि त्या एका ग्रॅमला माझ्या अख्ख्या पोत्यापेक्षा जास्त पैसे पडतात. हे ऐकल्यावर मी चष्मा शोधला आणि वाचायला बसलो.

दुसरं कारण खासगी आहे. तो माल माझ्या स्वतःच्या दाढेत बसलेला आहे.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी डाव्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल करून घेतलं होतं. कुठं, ते सांगण्यात अर्थ नाही. मी बांधलेलंही काही गळालेलं आहे. कॅप बसली, पैसे दिले, घरी आलो. सहाएक महिन्यांनी हिरडीवर मोहरीएवढी पुटकुळी आली. ती फुटायची, तोंडाला खारट चव यायची, मग बसायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा उगवायची. दुखत काही नव्हतं, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. आयुष्यभर लोकांच्या गच्च्यांवरचे ओलीचे डाग बघून "आत्ताच बघून घ्या" म्हणणारा मी, स्वतःच्या बाबतीत मात्र वर्षभर थांबलो. शेवटी पुतणीनं एक्स-रे काढला, बराच वेळ तो उजेडाकडं धरून बघितला आणि म्हणाली, "काका, मजल्यालाच भोक आहे."

खालच्या दाढेला साधारण दोन मुळं असतात. पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखी ती हाडात रुतलेली असतात. नसेचं तोंड शोधताना ड्रिल नेमकं त्या दोन पायांच्या मधून, मजला फोडून हाडाकडं गेलं होतं. याला त्यांच्यात परफोरेशन म्हणतात. अशी दाढ पूर्वी बहुतेक काढूनच टाकायचे, कारण त्या भोकात भरायला धड काही नव्हतं. काय नव्हतं आणि मग काय आलं, हाच या पुस्तकाचा विषय.

ती दुरुस्ती मी तोंड उघडं ठेवून, पण डोळेही उघडे ठेवून बघितली. काचेच्या छोट्या पाटीवर तिनं करड्या पांढऱ्या पुडीतली चिमूटभर भुकटी काढली, त्यात शुद्ध पाण्याचा थेंब टाकला आणि चपट्या पात्यानं मळली. वजनानं तीन भाग भुकटी, एक भाग पाणी. मळून झालेला माल ओल्या वाळूसारखा दिसत होता, लोण्यासारखा नाही. तो पात्यावर धड टिकतही नव्हता. बारीक नळीच्या हत्यारानं तिनं तो भोकापाशी नेऊन सोडला, हलक्या हातानं ठोकून बसवला, आणि मग कापसाचा ओला बोळा त्यावर ठेवून दाढ तात्पुरती बंद केली. "उद्या या." मी खुणेनंच विचारलं, ओला बोळा कशाला? ती म्हणाली, "क्युरिंग." भूल दिलेल्या ओठांनी मला नीट हसता येईना. पोरंही कंटाळतील इतक्या वेळा मी गवंड्यांना सांगितलेलं वाक्य, पाणी मारा, पाणी मारा, ते माझ्याच दाढेत लागू झालं होतं.

आता मुद्द्यावर येतो. आपण दात बाहेरून बघतो, म्हणून तो आपल्याला कोरडा, पांढरा, दगडी वाटतो. पण दाताचं मूळ कायम पाण्याखाली असलेला पाया आहे. आजूबाजूला रक्त, लसिका, मूळ आणि हाड यांना बांधून ठेवणारे तंतू. तिथं पंप लावून पाणी उपसता येत नाही. कापूस धरला की क्षणभर कोरडं, की पुन्हा ओल झिरपते. अशा जागी भरायचा माल ओलीतच धरला पाहिजे, धरताना आक्रसता कामा नये, भिंतीला चिकटून गळती थांबवली पाहिजे, एक्स-रेत दिसला पाहिजे, आणि शेजारच्या जिवंत हाडाला तो खुपता कामा नये. यातली शेवटची अट आमच्या धंद्यात नाही. धरणाच्या पायाला खडक कधी तक्रार करत नाही.

गळतीवर एवढा जोर का, याचं उत्तर १९६५ सालच्या एका प्रयोगात आहे. काकेहाशी, स्टॅन्ले आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दातांना भोकं पाडून आतली नस उघडी केली. काही उंदीर साधे होते, काही जंतूंचा वाराही लागू न देता वाढवलेले. साध्या उंदरांच्या नसा सडल्या. जंतू नसलेल्या उंदरांच्या दातांत उघड्या नसेवर नवा थर धरून भोक आपोआप बुजायला लागलं. म्हणजे दाताला मारते ती जखम नव्हे, जखमेतून शिरणारे जंतू. भोक बुजवणं हे निम्मं काम. ते जंतूंना वाट उरणार नाही असं बुजवणं हे खरं काम.

पूर्वीचे लोक काय भरायचे, ते पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आहे आणि मला ते सगळ्यात आवडलं. चांदी भरायचे, म्हणजे पाऱ्यात मळलेला चांदी-कथलाचा लगदा. तो बळकट होता, चार मिनिटांत धरायचा, पण कडेनं फट ठेवायचा, गंजायचा, आणि हिरडीला निळसर काळा डाग द्यायचा. झिंक ऑक्साइड आणि लवंगेचं तेल एकत्र मळून केलेला लेप भरायचे. दाढ दुखायला लागली की आजीनं लवंग धरायला दिली नाही असं घर आपल्याकडं नसेल, आणि शंभरावर वर्षं दवाखान्यातही तीच लवंग होती. पण हा लेप ओलीत हळूहळू विरघळतो. कोरड्या जागी चालणाऱ्या सगळ्या वस्तू मुळाशी जाऊन हरल्या, हे वाचताना मला आमच्या खात्यातल्या जुन्या फायली आठवल्या.

मग येतो चुना. इथं मला कळंब्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गावचा तलाव संस्थानी काळातला, कोल्हापूर शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की अर्धं शहर बघायला येतं. लहानपणी आम्हाला तिथं पोहण्याची बंदी होती, म्हणून आम्ही बांधाच्या दगडांवर बसून जोडांमधला पांढरा माल नखानं उकरायचो. तो निघायचा नाही. त्या काळातली आपल्याकडची दगडी कामं चुन्यात होत. बैल जुंपलेल्या घाणीत चुना दळायचा, त्यात वाळू आणि सुरखी घालायची. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पाण्याखाली तो धरत नाही. सुरखी पडली की चुना तिच्यातल्या सिलिकाशी जुळतो आणि पाण्यातही धरायला लागतो. काही गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणीही घालत. गुळानं माल उशिरा धरतो, ही गोष्ट ऊसपट्ट्यातल्या कुणालाही पटेल: आजही गुऱ्हाळाजवळच्या बांधकामात पाण्याच्या टाकीत काकवी सांडली तर कोबा दुसऱ्या दिवशीही मऊच असतो.

दाताच्या डॉक्टरांकडं चुना शिरला तो विरवलेल्या रूपात, कॅल्शियम हायड्रॉक्साइड या नावानं. जर्मनीतल्या हरमन यांनी तो १९२० साली नसेच्या उपचारात आणला. चुन्याची निवळी लहान मुलांना द्यायची आपली जुनी रीत आहे, आणि पानाला, तंबाखूला लावून त्याच चुन्यानं गालाची कातडी सोलून घ्यायचीही रीत आहे. दवाखान्यातही त्याचे हे दोन्ही गुण दिसतात. चुना तीव्र अल्कली, त्यामुळं जंतू मरतात. आणि जिवंत ऊतीला लागला की ती थोडी भाजते, पण त्याखाली दाताचा नवा कठीण थर तयार होऊ लागतो. आठ-नऊ वर्षांचं पोर सायकलवरून पडतं, पुढचा दात मोडतो, नस मरते. त्या वयात मुळाचं टोक अजून बंद झालेलं नसतं, ते खालून नरसाळ्यासारखं उघडं असतं. त्यात भरलेला कुठलाही माल खालून बाहेर पडणार. मग चुना भरून ठेवायचा, महिना-दोन महिन्यांनी बदलायचा, आणि टोकाशी आपोआप पडदा तयार होण्याची वाट बघायची. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष. पोरगं शाळा बुडवून येतंय, आई रजा टाकतेय. आणि इतकं करून २००२ साली आंद्रेआसेन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या दातांवर तपासलं, तर वर्षभर चुना भरून ठेवलेल्या दाताची ताकद जवळपास निम्मी होते असं दिसलं. म्हणजे टोक बंद व्हायच्या आधीच दात मानेशी मोडायची भीती. चुना चांगला, पण तो सुटा राहता कामा नये. त्याला धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे होतं.

ते काहीतरी बाजारात पोत्यानं विकलं जात होतं. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिननं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ साली. विटे नावाच्या जर्मन दंतवैद्यानं १८७८ साली चक्क पोर्टलँड सिमेंटनं रूट कॅनॉल भरल्याचं लिहून ठेवलं आहे. लोक विसरले. पुढं शंभरावर वर्षं ते कुणाला आठवलं नाही. मग कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाताला पडलेली भोकं बुजवण्यासाठी नवा माल तयार केला आणि १९९३ साली त्यावरचा पहिला निबंध छापला. त्याचं नाव मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट, एमटीए. आमच्या भाषेत अ‍ॅग्रिगेट म्हणजे खडी. यात खडी नावालाही नाही. पण नाव भारदस्त आहे आणि ते चिकटलं. दशक संपता संपता तो माल बाजारात आला.

पुतणीनं मला त्याचं पत्रक दाखवलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पंचाहत्तर टक्के पोर्टलँड सिमेंट, पाच टक्के जिप्सम, वीस टक्के बिस्मथ ऑक्साइड. यातलं जिप्सम कारखान्यात सगळ्याच सिमेंटमध्ये पडतं, माल एकदम धरू नये म्हणून. बिस्मथ ऑक्साइड एक्स-रेसाठी, कारण नुसतं पोर्टलँड एक्स-रेत दाताच्याच छटेचं दिसतं. भोक भरलंय की रिकामं, कळायचंच नाही. बाकी सगळं माझ्या ओळखीचं. ट्रायकॅल्शियम सिलिकेट पाण्याशी भिडतं, त्यातून एक चिकट जेल तयार होते, ती घट्ट होत जाते आणि जाता जाता चुना बाहेर टाकते. काँक्रीटच्या जुन्या भिंतीवर पांढरे ओघळ येतात ना, तो हाच चुना. आम्ही त्याला दोष समजतो. दाताच्या मुळाशी तोच गुण ठरला. कालवल्यावर मालाचा पीएच १०.२ असतो, तीन तासांत तो १२.५ वर जातो. म्हणजे हरमन यांचा चुनाच, पण आता तो सिमेंटच्या पोटातून सावकाश झिरपतो आणि सिमेंट मात्र जागेवर राहतं.

त्याच्या पुढची गोष्ट तर आमच्या कुठल्याच काँक्रीटला जमलेली नाही. बाहेर पडलेल्या कॅल्शियमला शरीरातल्या पाण्यातलं फॉस्फेट भेटतं आणि सिमेंटच्या अंगावर हायड्रॉक्सिॲपेटाइटचा थर बसायला लागतो. दात आणि हाड ज्या खनिजाचे बनलेले असतात तेच हे खनिज. सरकार आडनावाच्या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे रसायन मांडून दाखवलं. हाडाला तो माल परका वाटत नाही, त्याच्या अंगाला लागून नवं हाड भरतं. माझ्या दाढेच्या एक्स-रेत मुळांच्या मधली काळी सावली वर्षभरात राखाडी आणि नंतर शेजारच्या हाडासारखी झाली. लेखिकेनं तो एक्स-रे माझ्या परवानगीनं पुस्तकात घेतला आहे. मालकाचं नाव दिलेलं नाही, पण कोल्हापुरातली माणसं ओळखतील.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग सुधारायचं काय उरलं? भरपूर. पुस्तकाचा निम्मा भाग एमटीएच्या दोषांचा आहे, आणि माझ्या मते तोच वाचण्यासारखा आहे.

पहिला दोष वेळेचा. १९९५ सालच्या मोजणीत एमटीएला धरायला दोन तास पंचेचाळीस मिनिटं लागली. आमच्या सिमेंटला पहिली पकड अर्ध्या तासाच्या आत येता कामा नये आणि शेवटची दहा तासांच्या आत आली पाहिजे, असा नियम आहे. त्यामानानं पावणेतीन तास काहीच नाहीत. पण खुर्चीवर तोंड उघडून पावणेतीन तास बसून बघा. म्हणून ओला बोळा आणि "उद्या या". तेवढ्या वेळात रक्ताचा ओहोळ आला तर माल वाहूनही जातो. दुसरा दोष हाताळणीचा, ती ओल्या वाळूची गोष्ट. तिसरा रंगाचा. मूळ माल करडा होता. २००२ च्या सुमारास लोहाचं प्रमाण कमी करून पांढरा आणला, तरी दात काळवंडायचा थांबेना. चोर होता बिस्मथ ऑक्साइड. मुळं धुवायला डॉक्टर जे ब्लीच वापरतात, त्याच्याशी गाठ पडली की तो गडद तपकिरी होतो. एक्स-रेत दिसावा म्हणून घातलेला घटकच आता आरशात दिसायला लागला. मागच्या दाढेत कोण बघतंय, पण पुढच्या दातात कुणाला चालेल? चौथा दोष मला सगळ्यात गंभीर वाटला: एकदा धरला की हा माल विरघळवणारं काही नाही. काम चुकलं तर उकरूनच काढावं लागतं.

या दोषांवरचे उपाय म्हणजे आमच्याच धंद्याची उजळणी आहे. फ्रान्सच्या सेप्टोडॉन्ट कंपनीनं एमटीएनंतर दहाएक वर्षांनी बायोडेंटिन आणलं. पोर्टलँड सोडून शुद्ध ट्रायकॅल्शियम सिलिकेट घेतलं, बिस्मथच्या जागी झिर्कोनियम ऑक्साइड, आणि पाण्यात कॅल्शियम क्लोराइड. ते थंड मुलखात काँक्रीट लवकर धरावं म्हणून घालतात. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये आम्ही त्याला हात लावत नाही, कारण लोखंड गंजतं. दातात सळई नाही, त्यामुळं तिथं ते बिनधोक. त्याच पाण्यात एक पॉलिमर, कमी पाण्यात माल मऊ राहावा म्हणून. आमच्याकडं त्याला प्लास्टिसायझर म्हणतात आणि पुलाच्या कामावर तो पिंपानं येतो. धरायचा वेळ पावणेतीन तासांवरून बारा मिनिटांच्या आसपास आला. दातही काळवंडत नाही. किंमत कुठं मोजली? झिर्कोनियम एक्स-रेत बिस्मथइतका ठळक उठत नाही, त्यामुळं बारीक जागेत हा माल शोधावा लागतो.

ब्राझीलच्या अँजेलस कंपनीनं आपल्या एमटीएमधलं जिप्सम काढून वेळ कमी केला, पुढच्या प्रकारात बिस्मथ सोडून कॅल्शियम टंगस्टेट घेतलं. कॅनडात तर कालवायची भानगडच मिटवली: पिचकारीत तयार पुट्टी, पाणी शरीरातलंच घ्यायचं. हे आमचं रेडीमिक्स. हाताळायला लोण्यासारखं, कालवण्यातली चूक नाही. पण धरायला पुन्हा काही तास, आणि मुळाशी ओल कमी असेल तर आणखी उशीर. काहींनी यात रेझिन घालून निळ्या दिव्याखाली वीस सेकंदांत घट्ट होणारा माल केला. तो प्रकार मला मनापासून पटलेला नाही. रेझिन पाण्याला आत शिरू देत नाही, मग सिमेंट धरणार कशावर आणि चुना सोडणार कधी? लेखिका माझ्याइतकी कडक नाही. नस झाकायच्या उथळ कामात तो चालतो असं ती म्हणते, आणि तिनं तोंडं बघितली आहेत, मी फक्त गच्च्या.

या साऱ्यात आपला देश नुसता गिऱ्हाईक नाही. एमटीए प्लस नावाचा अधिक बारीक दळलेला माल जम्मूच्या प्रीव्हेस्ट डेनप्रो कंपनीनं अमेरिकी कंपनीसाठी बनवला. त्याबरोबर पाण्याऐवजी जेल देतात, ज्यामुळं तो वाहून जात नाही. बारीक दळणं म्हणजे पाण्याला भिडायला जास्त पृष्ठभाग, म्हणून लवकर पकड. आमच्या त्रेचाळीस आणि त्रेपन्न ग्रेडच्या सिमेंटमध्येही दळणाचा मोठा वाटा असतो. परदेशी डबीची किंमत बघून जिथं डॉक्टर दाढ काढण्याचा सल्ला देत, तिथं देशी माल आल्यानं वाचवण्याचा सल्ला द्यायला जीव धजतो. न्यू पारगाव, सांगली, कराड इथल्या दंत महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांनी हे प्रकरण सावकाश वाचावं. पुढचा माल कालवणारे हात त्यांचेच आहेत.

एक धोका मात्र मोठ्या अक्षरात सांगतो. पंचाहत्तर टक्के पोर्टलँड हे वाचून कुणाला पोत्यातलं सिमेंट चालेल असं वाटलं तर ते डोक्यातून काढून टाकावं. आपल्या बाजारातल्या बहुतेक पोत्यांत औष्णिक केंद्राची राख मिसळलेली असते. कच्च्या मालातून आर्सेनिकसारख्या जड धातूंचे अंश येतात, कण लहानमोठे असतात, आणि ते एक्स-रेत उठत नाही. पूल त्यावर उभा राहतो, जिवंत हाडाला ते लावायचं नसतं. एका ग्रॅमला पोत्याची किंमत का, याचं निम्मं उत्तर या शुद्धतेत आहे. उरलेलं निम्मं पेटंटमध्ये आणि जाहिरातीत होतं, हेही सांगायला हवं.

आणि सगळ्यात चांगला मालही हाताच्या पलीकडं जात नाही. भोक किती मोठं, हिरडीच्या किती जवळ, आणि ते पडल्यावर किती दिवसांनी बुजवलं, यावर निकाल ठरतो. हिरडीला लागून पडलेलं भोक आजही अवघड, कारण तोंडातली घाण तिथं सहज पोचते. जुन्या, पू झालेल्या भोकाभोवती आम्ल असतं, आणि आम्लात हे सिमेंट कच्चं धरतं. माझं भोक दीडएक वर्ष उघडं होतं. ते बुजलं यात मालाचा गुण जेवढा, तेवढाच तिनं आधी दोन वेळा धुऊन, जागा शांत करून मग काम केलं याचा. ओल्या, शेवाळलेल्या भिंतीवर गिलावा टिकत नाही, हे सांगायला मला एमटीए लागत नाही.

हस्तलिखितात दोन ठिकाणी मी पेन्सिल चालवली. एका प्रकरणाचं नाव "जैविक चमत्कार" होतं. मी म्हटलं, चुना आणि सिलिका दोन हजार वर्षं हेच करतायत, रोमन बंदरांपासून. चमत्कार खोडून तिनं "चुना कुठं जातो" असं केलं, ते बरं झालं. दुसरं, रूट कॅनॉलला तिनं "मूलनलिका" लिहिलं होतं. शासकीय कोशात शोभेल, पण आमच्या शेजारणीला "माझी मूलनलिका करायची आहे" असं म्हणताना मी कल्पनेतही बघू शकलो नाही. तिथं रूट कॅनॉलच ठेवलं आहे. परफोरेशनला मात्र "भोक" हा शब्द तिनंच वापरला आणि तो पुस्तकभर टिकवला, याबद्दल तिचं कौतुक. रुग्णाला भोक म्हणून सांगितलं की तो पुढचा प्रश्न आपण होऊन विचारतो: मग बुजवणार कशानं?

हे पुस्तक दाताच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण रसायनाची आवड असलेल्या कुणालाही वाचता येईल. शेवटची दोन प्रकरणं, माल तपासण्याच्या रीतींची, जड आहेत. ती वगळली तरी गोष्ट कळते. गवंडीकाम करणाऱ्यांनी मात्र तीच आधी वाचावीत. सिमेंटची पकड आली का हे बघायला आम्ही सुई टोचतो, तेही सुईच टोचतात.

आणि वाचकाला, ज्याला यातलं काहीच वाचायचं नाही त्यालाही, एकच विनंती. रूट कॅनॉल केलेल्या दाताजवळ हिरडीवर पुटकुळी येत-जात असेल, तर दुखत नाही म्हणून माझ्यासारखे वर्षभर थांबू नका. या आठवड्यात एक्स-रे काढून घ्या.

कळंबा, कोल्हापूर